कुंकू लावलेली फ्लॉपी

संगणकाच्या धंद्यातला तुमचा सगळ्यात मोठा वैरी कोण, असं मला कोणी विचारलं तर मी बुरशी म्हणेन. लोकांना वाटतं वीज. वीज बिचारी जायची, पण परत तरी यायची. बुरशी एकदा आली की फ्लॉपीवर घर करून बसे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी माझ्या सगळ्या फ्लॉप्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचो आणि डब्याच्या तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. ते तांदूळ आई भाजून द्यायची. पुण्याच्या साहेब लोकांना मी हे कळवलं होतं, तेव्हा त्यांना ते फार गमतीचं वाटलं होतं.

आजच्या मुलांनी फ्लॉपी पाहिलेली नसते म्हणून सांगतो. काळ्या चौकोनी पाकिटात एक पातळ चकती असे. पाकीट उघडायचं नसतं, पण त्याला एक लांबट खिडकी असते आणि तिथून आतली तपकिरी चकती उघडी दिसते. यंत्र वाचतं ते तिथूनच. त्या खिडकीला बोट लावायचं नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी बजावून सांगायचो. पाणी नको, चहा नको, लोहचुंबक नको, हेही सांगायचो. कुंकवाचं सांगायचं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी पुण्याच्या एका कंपनीचा सिंधुदुर्गातला प्रतिनिधी होतो. कंपनी संगणकाचे प्रोग्रॅम तयार करायची. ते विकायचे, बसवायचे, शिकवायचे आणि बिघडले की धावत जायचं, हे माझं काम. अख्ख्या जिल्ह्यात मी एकटा. कणकवलीत बाजारपेठेच्या मागे, सायकलच्या दुकानावर एक खोली होती. तेच ऑफिस, तेच घर. वेंगुर्ल्याला एक काजूचा कारखाना, दोन पतपेढ्या, निकालपत्रकं छापणारी एक शाळा, असे करत अकरा गिऱ्हाईकं जमली होती. बाजारात लोक मला टीव्हीवाला समजत. एकाने तर त्याचा मर्फी रेडिओ माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि गुरुवारपर्यंत द्या म्हणाला. मी तो दुरुस्त केला. नाही कसं म्हणणार?

माझं गाव कट्टा. रविवारी घरी गेलो की आई विचारायची, आठवडाभर काय केलंस. मी म्हणायचो, बंद पडलेली यंत्रं चालू केली. ती म्हणायची, पण ती बंद कोण करतो?

हसण्यावारी नेतो आहे, पण ते दिवस फार एकटे गेले. माझ्या कामात आज काय चुकलं आणि काय साधलं हे ज्याला कळेल, असा एक माणूस त्या जिल्ह्यात नव्हता. एखादा दोष दोन दिवस खपून शोधून काढावा, खूप आनंद व्हावा आणि तो सांगायला समोर फक्त सायकलवाल्याची पंक्चर काढायची परात असावी. लग्न झालं नव्हतं. मित्र सगळे मुंबईला. मी त्या खोलीत प्रोग्रॅमच्या जाड पुस्तकाशी मोठ्याने बोलायला लागलो होतो.

एकच माणूस होता, तोही आवाजाचा. पुण्याच्या ऑफिसात पटवर्धनबाई नावाच्या होत्या. आमचा मुख्य प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला. दर गुरुवारी मी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचो, दीड-दोन तास बाकावर बसायचो आणि मग तीन मिनिटं त्यांच्याशी बोलायचो. त्यांना मी कधी पाहिलं नाही. फोनवर सांगून होण्यासारखं नसलं की त्या पोस्टकार्ड पाठवायच्या. बारीक अक्षरात, एकाखाली एक पायऱ्या: हे बटण दाबा, मग ते पाहा. पहिल्या वर्षी एकदा मी घाबरून फोन केला होता आणि बोलता बोलता म्हणालो होतो, सकाळपासून जेवलेलोही नाही. तेव्हापासून प्रत्येक कार्डाच्या शेवटी एक ओळ ठरलेली असायची, "आधी जेवून घ्या, मग डिस्क लावा." ती कार्डं मी दोऱ्याने बांधून ठेवायचो. त्यांच्याविषयी माझ्या मनात काय होतं ते आता या वयात लपवण्यासारखं नाही, पण सांगण्यासारखंही काही घडलं नाही.

आता किल्लीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आमचा प्रोग्रॅम कोणी नक्कल करून फुकट वापरू नये म्हणून कंपनी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक वेगळी फ्लॉपी द्यायची. तिला आम्ही किल्ली म्हणत असू. यंत्र सुरू केलं की प्रोग्रॅम आधी ती किल्ली मागे. ती लावली तर पुढे जाणार, नाहीतर एक इंग्रजी वाक्य दाखवून गप्प बसणार. तुमची माहिती दुसऱ्या फ्लॉपीवर सुखरूप असली तरी किल्लीशिवाय ती दिसायची नाही. किल्लीची नक्कल होत नसे. हरवली, बिघडली तर पुण्याहून नवी मागवायची, आणि ती बनवण्याची विद्या पटवर्धनबाईंकडे होती.

अकरा गिऱ्हाइकांत माझं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावरची मच्छीमारांची एक सोसायटी. यंत्र गावच्या मुंबईकर मंडळींनी मिळून पाठवलेलं. सोसायटीचं मुख्य काम होड्यांना डिझेल आणि बर्फ देण्याचं. प्रत्येक होडीला डिझेलचा महिन्याचा कोटा ठरलेला. कोणी किती उचललं याची नोंद चोख ठेवावी लागे, कारण एकाने जास्त नेलं की दुसऱ्याची होडी धक्क्याला बांधून राहणार.

ही नोंद तीस वर्षं दाजी नावाचे कारकून ठेवत होते. बारीक अंगाचे, कानावर पेन्सिल. त्यांच्या वहीत प्रत्येक होडीचं एक पान. वर चार रकाने: होडी, तांडेल, खलाशी, शेरा. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. खाली डिझेल-बर्फाच्या नोंदी. पण वाचण्यासारखा असायचा तो शेरा. "इंजिन गरम होते." "जाळे कासवाने फाडले." "धाकट्याचे लग्न, आठ दिवस होडी किनाऱ्यावर." दाजी घरी शुद्ध मालवणी बोलायचे आणि वहीत शुद्ध मराठी लिहायचे. त्यांचं म्हणणं, वही म्हणजे कचेरी.

मी प्रोग्रॅम बसवला तेव्हा दाजींनी बारकाईने पाहिलं आणि विचारलं, शेरा खंय लिवचो? आमच्या प्रोग्रॅममध्ये शेऱ्याला जागा नव्हती. मी पटवर्धनबाईंना कळवलं, तर त्यांनी महिन्याभरात वीस अक्षरांची जागा करून पाठवली. दाजी म्हणाले, वीस अक्षरांत कासव तेवढा मावात, जाळा ऱ्हवात भायर. तरी ते यंत्र शिकले. पहिली दोन वर्षं यंत्रही चालायचं आणि वहीही.

आता कंपनीकडे येतो. दर तीन महिन्यांनी पुण्याहून वार्तापत्र यायचं, गुळगुळीत कागदाचं. पहिल्या वर्षी त्यात लिहिलेलं असायचं, आपली गिऱ्हाईकं किती झाली. मी ते अभिमानाने भिंतीला लावायचो. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईकं जाऊन यंत्रं आली. आपला प्रोग्रॅम किती यंत्रांवर आहे, हे लिहायला लागले. एका गिऱ्हाइकाकडे तीन यंत्रं असली की आकडा तिप्पट. तिसऱ्या वर्षी किती संस्थांशी बोलणी चालू आहेत ते छापून आलं. मला तिथेच शंका आली. कट्ट्याच्या बाजारात एखादा विक्रेता माप बाजूला ठेवून ओंजळीने द्यायला लागला की माझी आई मुकाट्याने उठायची आणि पुढच्याकडे जायची. माप बदललं कशाला, हा तिचा साधा प्रश्न असे.

माझ्याकडेही दोन वर्षांत नवीन गिऱ्हाईक एकच आलं होतं. शेजारच्या जिल्ह्यातला प्रतिनिधी नोकरी सोडून गेला, त्याच्या जागी कोणी आलं नाही. प्रिंटरच्या रिबिनी मागवल्या तर येईनात. वार्तापत्राचा कागद मात्र आणखी गुळगुळीत झाला.

वार्षिक मेळाव्याला पुण्याला गेलो. पटवर्धनबाई दिसतील म्हणून नवा शर्ट शिवला होता. त्या रजेवर आहेत असं कळलं. मोठे साहेब तासभर बोलले. घोडदौड, झेप, उज्ज्वल उद्या. प्रत्येक वाक्याला टाळ्या. मला आमच्या गावचं गाऱ्हाणं आठवलं. देवळात गावचा मानकरी, गावकार, देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने मोठ्याने बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे "व्हय महाराजा" म्हणतात. फरक एवढाच की गाऱ्हाण्यात आधी अडचण सांगायची असते. गाई आजारी आहेत, विहीर आटली आहे, भाऊ भावाशी बोलत नाही. साहेबांच्या गाऱ्हाण्यात अडचणच नव्हती.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी उभा राहिलो आणि विचारलं की चालू गिऱ्हाईक म्हणजे नेमकं कोण. ज्याने एकदा घेतलं तो, की जो आज सकाळी यंत्र लावून बसला आहे तो? साहेब प्रसन्न हसले आणि म्हणाले, कोकणातला माणूस शंकेखोर असतो हे ऐकून होतो. सगळे हसले. मीही हसलो आणि खाली बसलो. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

दुपारी विक्रीप्रमुखांनी मला बाजूला घेतलं. कंपनीने नवीन माप काढलं होतं: संपूर्ण संगणकीकरण. ज्या गिऱ्हाइकाने हाताने लिहायच्या वह्या कायमच्या बंद केल्या, त्याच्याकडून तसं सहीचं पत्र आणायचं. तुमच्या जिल्ह्यातून असं एकही पत्र नाही, म्हणाले, आणि मग जिल्हे एकत्र करण्याचा विचार चालला आहे असंही म्हणाले. म्हणजे माझी नोकरी. मला समजायचं ते समजलं.

परत आल्यावर मी मालवणला गेलो. नारळी पौर्णिमा तोंडावर होती. होड्या पाण्यात जाणार, नवीन हंगाम, नवीन वही घालायची वेळ. मी दाजींना म्हटलं, यंदा वही घालू नका. दुहेरी काम कशाला? त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, परत लावली. सोसायटीचे चेअरमन तात्या शेजारी बसले होते. स्वतः तांडेल, गडी वजनदार. ते म्हणाले, दाजी म्हणतील तसं. दाजींनी मला बाहेर पडवीत नेलं.

"झिला, एक सांग. तुजी कंपनी ऱ्हवतली मां?"

कंपनी टिकेल का, याबद्दल मला त्या वेळी काय माहीत होतं? नक्की काहीच नाही. वार्तापत्राची मापं, न आलेल्या रिबिनी, रजेवरच्या पटवर्धनबाई. मेळाव्याच्या थोडं आधीपासून गुरुवारच्या फोनवर त्या भेटेनाशा झाल्या होत्या, आणि मेळाव्यानंतर त्यांची पत्रंही बदलली होती. पोस्टकार्डाऐवजी टाइप केलेलं इंग्रजी पत्र, खाली त्यांची सही. मी मनाची समजूत घातली होती की बढती मिळाली असेल.

"ऱ्हवतली," मी म्हणालो.

"मगे बरा," दाजी म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी पत्रावर सही केली. त्यांनी मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढच्याच वार्तापत्रात त्या सोसायटीचं नाव ठळक अक्षरात आलं.

दसऱ्याला सोसायटीत हत्यारांची पूजा असते. जाळ्याची सुई, इंजिनाचे पाने, डिझेल मोजायचं माप, आणि मधोमध दाजींची वही. त्या वर्षी वही नव्हती. मग तिच्या जागी काय ठेवायचं? दाजींनी यंत्राला झेंडूची माळ घातली आणि पाटावर किल्ली ठेवली. ओल्या अक्षता आणि कुंकू त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं, अगदी मनापासून. दुसऱ्या दिवशी यंत्र लावलं तर ते आतून घरघरलं, इंग्रजी वाक्य दाखवलं आणि गप्प बसलं.

निरोप मिळताच मी पहिल्या एसटीने गेलो. किल्ली हातात घेतली तर खिडकीत कुंकवाचा टिळा, त्यावर वाळलेला तांदळाचा दाणा. मी दाजींना इतकंच विचारलं की पाकिटावर लावायचं सोडून तिथे का लावलंत.

"कपड्यार कोण कुकू लावता? कपाळार लावतत. थंय उघडा दिसला, थंय लावलंय."

मला रागावता येईना. माझ्या सगळ्या प्रशिक्षणात इतकं सुसंगत वाक्य कोणी बोललं नव्हतं. मी स्पिरिटने यंत्राचं तोंड पुसलं, चकती पुसली, वाळवली. काही उपयोग झाला नाही. दाजींना म्हटलं, काळजी करू नका, आठवड्यात नवी येईल.

ट्रंक कॉल लावला. बाई जागेवर नाहीत. पुन्हा लावला. बाई मीटिंगमध्ये आहेत. तार केली. बाराव्या दिवशी टाइप केलेलं पत्र आलं. आपल्या विनंतीवर कार्यवाही सुरू आहे, खाली बाईंची सही. मी जुनी कार्डं काढून सही जुळवून पाहिली. सही त्यांचीच होती. मग आधीच्या दोन टाइप केलेल्या पत्रांशी जुळवली. तिन्ही सह्या तंतोतंत सारख्या होत्या, शाईचा एक ठिपकासुद्धा त्याच जागी. माणूस अशी सही करत नाही, शिक्का करतो.

तिकडे मालवणात गोंधळ वाढत होता. पौर्णिमेपासून दसऱ्यापर्यंत कोणी किती डिझेल उचललं ते सगळं माहितीच्या फ्लॉपीवर, आणि किल्लीशिवाय ते दिसेना. छापून काढलेले कागद होते ते रिबीन संपेपर्यंतचे, म्हणजे पहिल्या पंधरवड्याचे. एक तांडेल म्हणे माझा कोटा बाकी आहे, दुसरा म्हणे याने माझ्या वाटचं नेलं. धक्क्यावर एकदा वल्ही उगारण्यापर्यंत गेलं. लोक दाजींच्या तोंडाकडे बघत, कारण तीस वर्षं भांडण झालं की दाजी वही उघडत आणि विषय संपे. आता ते नुसते बसून असत. कोणीतरी त्यांना म्हातारचळ लागला म्हणालं, हे मला तात्यांकडून कळलं.

मी पुण्याला गेलो. कणकवलीहून कोल्हापूर, तिथून पुणे, पूर्ण दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गेलो तर जिथे आठ-दहा प्रोग्रॅमर बसायचे ती खोली रिकामी. टेबलं एकावर एक रचलेली. शिपाई रामभाऊ मला ओळखत होते. मी पटवर्धनबाईंचं नाव काढलं तसे ते म्हणाले, बाई गेल्या की. मेळाव्याच्या आधीच. पगाराचं लांबायला लागलं, तशी ती सगळी खोलीच गेली.

मग त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातून पोस्टकार्डांचा एक गठ्ठा काढला. जाताना बाईंनी बाहेरगावच्या सगळ्या प्रतिनिधींना कार्डं लिहून ठेवली होती. साहेबांनी ती पोस्टात टाकू दिली नाहीत. रामभाऊंनी फाडलीही नाहीत. माझं त्यांनी शोधून दिलं.

"सावंत, महिनाअखेर मी जाते आहे. माझ्यामागे नवी किल्ली बनवणारं इथे कोणी नाही. तुमच्या लोकांना हाताच्या वह्या बंद करू देऊ नका. जेवत जा."

वर तारीख होती. मी दाजींना वही घालू नका म्हणालो त्याच्या पाच आठवडे आधीची.

साहेबांनी मला लगेच आत बोलावलं, चहा मागवला. मी विचारलं, किल्ली मिळेल का? ते म्हणाले, प्रयत्न चालू आहेत. मी विचारलं, कोण करतंय प्रयत्न? तेव्हा ते म्हणाले की वाढ थोडी मंदावली आहे, खोटं कशाला बोलू, पण ही झेप घेण्याआधीची विश्रांती आहे. गिऱ्हाइकांना यातलं काही सांगायची गरज नाही.

"लोकांचा विश्वास हेच आपलं भांडवल आहे, सावंत. ते आपण जपायचं."

ते मनापासून बोलत होते. मला वाटतं त्यांचा स्वतःचाही त्या वार्तापत्रावर विश्वास बसला होता. मी चहा अर्धा टाकून उठलो. स्वारगेटला एसटीची वाट बघताना ते कार्ड चार वेळा वाचलं. माझा राग साहेबांवर होता, पण तो फार वेळ टिकला नाही. साहेबांनी मला खोटं सांगितलं, हे खरं. दाजींना मात्र मी सांगितलं होतं.

मालवणला पोचलो आणि आधी तात्यांना गाठलं. किल्ली येणार नाही, इतकंच म्हटलं. तात्या ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत. म्हणाले, परवा बुधवार, देवळात ये. दाजींक नवी वही घेवन येवक सांगतंय.

बुधवारी सकाळी देवळात साठ-सत्तर माणसं होती. सगळे तांडेल, त्यांचे खलाशी. दाजी खांबाला टेकून बसलेले, मांडीवर कोरी वही, चारही रकाने आखलेली. गावकार पुढे झाला आणि त्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा, तुजी लेकरां हयसर जमली आसत. वही हरावली आसा. जेका जा ठावक आसा, ता तो तुज्या म्होरां सांगतलो. लपयल्यान तर तूच बगून घे."

"व्हय महाराजा."

मग एकेक तांडेल उठला, देवासमोर उभा राहिला आणि पौर्णिमेपासून आपण काय काय उचललं ते बोलला. कोणी बोटं मोजत, कोणी खलाशाकडे बघून आठवण करून घेत. प्रत्येकाच्या शेवटी "व्हय महाराजा", आणि दाजींचं लिहिणं. ज्या दोघांत वल्ही उगारली गेली होती, त्यांतला एकजण आपला आकडा सांगून बसला, पुन्हा उठला आणि म्हणाला की आणखी एक पिंप नेलं होतं, ते विसरलो. विसरला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. दुपारपर्यंत वही भरली. आमचा प्रोग्रॅम हेच काम करायला चार फ्लॉप्या घ्यायचा.

सगळे संपले असं वाटून लोक उठायला लागले. तात्या माझ्याकडे बघत होते. बोल म्हणाले नाहीत. मी आपणहून पुढे गेलो.

"दाजींनी माका इचारल्यानी, कंपनी ऱ्हवतली मां. मी ऱ्हवतली म्हणान सांगलंय. तेवा माका खात्री नाय होती. माझी नोकरी जायत म्हणान सांगलंय. कंपनी ऱ्हवणा नाय."

मी मान वर केली नाही. मग खांबाजवळून एकट्या माणसाचा थकलेला आवाज आला, "व्हय महाराजा." तो दाजींचा होता. त्यांच्यामागून बाकीचे म्हणाले.

दाजी मला घरी घेऊन गेले. त्यांच्या पत्नीने, काकींनी, भात आणि बांगड्याचं तिकलं वाढलं. जेवताना दाजी कंपनीविषयी एक अक्षर बोलले नाहीत. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. पुण्याच्या मेळाव्यात दोनशे माणसांत जेवताना मला एकटं वाटलं होतं, त्याची आठवण झाली.

उरलेल्या दहा गिऱ्हाइकांकडे मी पुढच्या महिन्यात स्वतः गेलो. वह्या बंद केल्या असतील तर परत सुरू करा, चालू असतील तर बंद करू नका म्हणून सांगितलं. काजूवाल्यांनी मला हाकलून दिलं, शाळेच्या हेडमास्तरांनी चहा दिला. राजीनामा पोस्टाने पाठवला, त्याचं उत्तर आलं नाही. वर्षभरात कंपनी मिटली. मी त्याच खोलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्ती सुरू केली आणि बाजाराचं म्हणणं खरं केलं. पटवर्धनबाई बंगलोरला गेल्या असं रामभाऊ म्हणाले होते. मी पत्ता विचारला नाही. लग्न राहूनच गेलं. आई गेल्यावर कट्ट्याला जाणंही कमी झालं. कुंकू लागलेली फ्लॉपी बिस्किटांच्या डब्यात अजून आहे. तिला बुरशी लागलेली नाही, पण ती वाचणारं यंत्र आता कुठे मिळत नाही.

दाजींच्या निधनानंतर, मागच्या साली सोसायटीत इन्व्हर्टर बघायला म्हणून मला बोलावलं होतं. काम झाल्यावर नव्या कारकुनाला म्हटलं, त्या वर्षीची वही आहे का? त्याने माळ्यावरून काढून दिली. होड्यांची पानं एकामागून एक, प्रत्येक तांडेलाची त्या दिवशीची नोंद. दाजींचा नियम सरळ होता: त्या बुधवारी देवासमोर जो बोलला, त्याचं पान वहीत पाहिजे. रकाने तर आधीच आखलेले होते. शेवटचं पान माझं होतं.

होडी: नाही.
तांडेल: सावंत, कट्टा.
खलाशी: एकटाच.
शेरा: खरे बोलला. जेवून गेला.